उंबऱ्याची माती

ही गोष्ट मी सांगायची काही गरज नव्हती. टिटवीला आवाज आहे, तिनं सगळं डोळ्यांनी पाहिलंय, तिनं सांगावी. पण ती म्हणते, मी निकाल देणारी, मला बाजू घेता येत नाही. मग खेकड्यानं घ्यावी होय? आठवडाभर माझ्या दारात एका पायावर उभी राहून तिनं डोकं खाल्लं, म्हणून सांगतो. मला शाळा नाही. सरळ चालताही येत नाही. जमेल तसं सांगतो, मध्ये कुणी बोलायचं नाही.

आमचं राज्य म्हणजे एक बांध. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उतरती जमीन, आणि मध्ये मातीची लांबलचक भिंत. त्या भिंतीच्या पोटात आम्ही राहतो. वरच्या टोकाला आम्ही खेकडे, मधल्या पट्ट्यात उंदीर आणि रातकिडे, आणि अगदी खालच्या टोकाला, जिथं ओल जास्त आणि जागेला गिऱ्हाईक नाही, तिथं चिचुंद्र्या. पाणी दिवसरात्र भिंतीला टेकून असतं. ते काही करत नाही, फक्त टेकून असतं. आमच्यातली पोरं जन्मली की आधी त्याचा आवाज ऐकतात, मग आईचा.

बांधाला एक रखवालदार असतो. भेग पडली की लिंपायची, खचलं की भर घालायची, हे त्याचं काम. तो कौलानं ठरतो. कौलाची रीत जुनी आहे. ज्याला रखवाली पाहिजे त्यानं खालच्या मोकळ्या जमिनीवर चौथरा धरायचा. ज्याला तो पसंत आहे त्यानं आपल्या उंबऱ्याची मूठभर माती नेऊन त्या चौथऱ्यावर टाकायची. मनात येईल तितक्या वेळा टाकावी, पण माती स्वतःच्या घरातलीच पाहिजे. माळावरची आणली तर टिटवी वास घेऊन फेकून देते. आपल्या घरचं काही गेल्याशिवाय कौलाला वजन कुठलं, असं जुनी मंडळी म्हणत. पुनवेच्या दिवशी टिटवी दोन्ही चौथऱ्यांवर उभी राहून बघते. ज्याच्यावरून दुसऱ्याचा माथा दिसतो, तो रखवालदार.

त्या वर्षी दोघं उभे होते. एक घोरपडबाई, जुनी रखवालदारीण. बांधाला पोटाशी धरून झोपण्यापलीकडं तिनं काही केलेलं कुणाला आठवत नव्हतं. दुसरा साळिंदर. तो बांधात राहत नव्हता, वरच्या माळावर खडकाच्या कपारीत राहायचा. पण उतरून आला की काटे असे खुळखुळवायचा की सगळ्यांनी बाहेर येऊन बघावं. म्हणायचा, "मी बांधाला धरून झोपणाऱ्यातला नाही. मी बांधणाऱ्यातला आहे." आवडलं लोकांना. मलाही बरं वाटलं होतं ऐकायला, खोटं कशाला बोलू.

आता तानूचं सांगतो. तानू चिचुंद्री. खालच्या टोकाला सगळ्यात शेवटचं बीळ तिचं. सहा पोरं, अजून डोळे नीट न उघडलेली. चिचुंद्रीची पोरं बाहेर निघाली की पहिलं आईची शेपटी तोंडात धरतं, दुसरं पहिल्याची, असं करत ओळ लागते. तानू स्वतः भिंतीला घासत चालणारी, उजेडाला दचकणारी बाई. पण तिच्या मागच्या भिंतीला ओल आली होती. आधी नुसता गारवा, मग काळपट डाग. त्या भिंतीपलीकडं पाणी, आणि अलीकडं सहा पोरं. ती घोरपडीकडं जाऊन आली. घोरपड म्हणाली, "बघू," आणि दुसऱ्या कुशीवर वळली.

मग तानू साळिंदराच्या कामाला लागली. कुणी बोलावलं नव्हतं, आपणहून गेली. साळिंदरानं अंगावरचा एक काटा काढून तिला दिला. त्याच्या सगळ्या कार्यकर्त्यांकडं असा काटा असायचा, ती त्यांची खूण. तानूच्या काट्याची लांबी तानूपेक्षा जास्त. तो तोंडात आडवा धरून ती बिळाबिळांतून फिरू लागली तशी निम्म्या बांधाला टोचू लागली. तिच्या पोरांना तर रोज टोचायचा. पण तिला त्याचा मोठा अभिमान. जन्मात पहिल्यांदा ती भिंत सोडून वाटेच्या मधून चालत होती.

सकाळी चौथऱ्याजवळ वाळवीचा नाश्ता असायचा, कार्यकर्त्यांना पोटभर. तो खाऊन झाला की दारोदार. "काका, मूठ दिली का?" "अहो वहिनी, कालची कालच्याला झाली, आजची?" ज्यानं दिली त्याच्या दारावर काट्यानं एक ओरखडा. ओरखडे बघून कोण किती जवळचा ते कळायचं. ज्याच्या दारावर ओरखडा नाही तो घोरपडीचा, असं ठरून गेलं. घोरपडीची माणसंही तेच करत होती, फक्त उशिरा उठून. उंदरांनी दोन्हीकडं टाकली. रातकिड्यांनी तर उंबरा संपल्यावर ओसरी खरवडली.

माझ्या दारावर ओरखडा नव्हता. मला काही कळलं होतं म्हणून नव्हे. मी चिकट आहे. माझा उंबरा मी पाठ टेकायला वापरतो, आणि ती जागा माझ्या पाठीच्या आकाराची झालीय. ती मी कुणाला देत नाही.

तानू आली पहिल्यांदा तेव्हा गोड बोलली. "तात्या, तुमची एक मूठ म्हणजे वरच्या टोकाची मूठ. तुम्ही दिली की सगळे खेकडे देतील."

"खेकडे कधी कुणाचं बघून काही करतात का गं?" मी म्हटलं. "आणि तो काटा जरा बाजूला धर. डोळा जाईल माझा."

"साळिंदरभाऊ पहिलं काम माझ्या भिंतीचं करणार आहेत. शब्द दिलाय."

"मग तुझी माती घाल."

"घातली की! उंबरा राहिलाच नाही माझा. आता पोरं सरळ बाहेर घरंगळतात." आणि हसली. अभिमानानं हसली.

त्यानंतर ती मला रोज दिसायची. जाताना पळत, येताना पळत. मध्येच थांबायची, कुठल्याही भिंतीला नाक लावायची, ऐकायची, आणि परत पळायची. आधी ती फक्त स्वतःच्या भिंतीला नाक लावायची. मग शेजारणीच्या. मग मधल्या पट्ट्यातल्या. एकदा माझ्याही भिंतीला लावलं. मी विचारलं, "काय म्हणतंय?"

"काही नाही," म्हणाली. "तुमच्याकडं गप्प आहे."

"आणि तुझ्याकडं?"

तिनं काटा परत तोंडात आडवा धरला आणि खालच्या टोकाकडं पळाली.

ती साळिंदराकडं गेली होती, हे मला नंतर कळलं. तो चौथऱ्यावर बसला होता. चौथरा तोवर चांगला उंच झाला होता, खालून बोललेलं वर नीट जात नव्हतं. तानू ओरडून म्हणाली, "भाऊ, माझ्या मागच्या भिंतीत पाणी बोलायला लागलंय!"

"बोलू दे, बोलू दे," साळिंदर वरून म्हणाला. "पुनव झाली की तोंड बंद करतो त्याचं. तुझी भिंत पहिली. मात्र घोरपडीचा चौथरा बघितलास का? आपण हरलो तर तुझ्या भिंतीकडं कोण बघणार?"

ते खरंच होतं. म्हणून ती घाबरून गेली आणि दुप्पट पळू लागली. भिंत जितकी बोलायची तितकी ती जास्त माती गोळा करायची, आणि जितकी माती गोळा व्हायची तितकी भिंत जास्त बोलायची. झोप गेली तिची. पोरांना पाजताना कान भिंतीकडं आणि डोळा चौथऱ्याकडं. अंगाचं पार चिपाड झालं.

पुनवेचा दिवस उजाडला. दोन चौथरे समोरासमोर, दोन्हींचे माथे एका रेषेत. टिटवी एकावर उभी राहिली, मान ताणली, दुसऱ्यावर जाऊन उभी राहिली, मान ताणली. म्हणाली, "दिसत नाही. ऊन कलेपर्यंत वेळ आहे. कुणाला घालायची असेल त्यानं घालावी."

एका मुठीचा प्रश्न होता. सगळा बांध घरात शिरला आणि रिकाम्या हातानं बाहेर आला. कुणाकडं खरवडायला उंबरा नव्हता. तेव्हा तानू माझ्याकडं आली. या वेळी गोड बोलली नाही.

"तात्या, एकच मूठ."

"नाही."

"पाया पडते. एकच."

"माझी पाठ टेकायची जागा आहे ती."

"तुमची पाठ!" ती किंचाळली. अख्ख्या वरच्या टोकाला ऐकू गेलं. "सगळ्यांनी घरं खरवडून दिली, आणि हा म्हातारा उंबरा उबवत बसलाय! बांध फुटला तर तो तुमच्यासारख्यांमुळं फुटेल. ऐकताय ना? आणि फुटला तर माझी पोरं आणून तुमच्या डोक्यावर ठेवीन!"

आणि काट्यानं माझ्या दारावर एक फुली मारली. खोल मारली. बघणाऱ्या उंदरांनी माना हलवल्या. एक म्हणाला, "बाईचं बरोबर आहे." मी दार लावून घेतलं.

पुढचं मी फटीतून पाहिलं. काटा माझ्या दाराशी टेकवून ती घरी पळत गेली आणि थोड्या वेळानं परत आली, तोंडात मूठभर काळी ओली माती. चौथरा चढली, माथ्यावर ठेवली, वर पाय देऊन दाबली. टिटवी उडून वर बसली, मान ताणली. "दिसतो," म्हणाली. "साळिंदर."

मग काय विचारता. काटे खुळखुळले, वाळवी उधळली, उंदीर एकमेकांच्या अंगावर चढून नाचले. तानूला त्यांनी उचलून घेतलं. ती हात जोडून म्हणत होती, "भाऊ, आता भिंत. भाऊ, आता चला." साळिंदर वरून सगळ्यांना मान लववत होता. त्याला ऐकू येत नसावं.

आवाज खालच्या टोकाकडून आला. मोठा नव्हता. ओलं फडकं फाटतं तसा. नाचणाऱ्यांना कळलंच नाही. तानूला कळलं. ती उचलणाऱ्यांच्या हातातून निसटली आणि घराकडं सुटली.

खालचं टोक गेलं, मग मधला पट्टा गेला. पाणी नुसतं आत आलं आणि जमिनीवर पसरलं, जशी ती जागा त्याचीच होती. घोरपडीचा चौथरा आधी विरघळला, तो कुणी दाबलाच नव्हता नीट. साळिंदराचा राहिला. ज्याला पोहता आलं तो तिकडं पोहत गेला. पण साळिंदर घाबरला होता, आणि साळिंदर घाबरला की त्याचे काटे उभे राहतात, त्याला त्याचा इलाज नसतो. अख्ख्या चौथऱ्यावर तो एकटा आणि सगळीकडं काटे. जो चढायला गेला तो टोचून खाली पडला.

तानू पाण्यातून आली. मागं ओळ. पोरांनी शेपट्या सोडल्या नव्हत्या. तिनं चौथऱ्याला एक फेरी घातली, जागा शोधत. पाणी माथ्याजवळ चढलं होतं, त्यामुळं माथ्यावरची काळी माती तिच्या नाकासमोर आली, त्या मातीत मऊ पांढरी लव अडकलेली होती. पोरं थंडीनं गारठू नयेत म्हणून तिनं आपल्या पोटाची लव उपटून मागच्या भिंतीला थापली होती, तीच. ती थोडा वेळ तिथंच पाय मारत राहिली. मग वळली.

बांधाचं वरचं टोक तेवढं उभं होतं. ती माझ्या दाराशी आली. मी दार उघडलं. ती आत आली, पण फुलीवरून हात फिरवला नाही, फुलीकडं बघितलंही नाही. पोरं एकेक करून माझ्या पाठीवर चढवली, कारण आत जमीनही ओली होती. पाच चढली. ती सहाव्यासाठी वाकून उभी राहिली. ओळीच्या शेवटी जे सगळ्यात लहान होतं, त्याच्यासाठी. बराच वेळ तशीच वाकून उभी होती.

त्याला आता वर्ष होत आलं. पाणी ओसरलं, पण गेलं नाही; उरलेल्या बांधाला टेकून आहे. उरलेले सगळे माझ्या आजूबाजूला दाटीनं राहतात. तानू माझ्याच घरात आहे. तिच्या वासानं मला जेवण जात नाही, तिला माझं चालणं सहन होत नाही. काटा तिनं टाकला नाही, कोपऱ्यात उभा करून ठेवलाय. साळिंदर रखवालदार आहे. चौथऱ्यावरून तो सांगतो की काम लवकरच सुरू होईल, माळावरून दिसतं तेवढं सोपं नसतं ते.

परवा दुपारी मी पाठ टेकून बसलो होतो. आतून पोरांचा गलका आला. पाचही जण आता डोळे उघडलेली, दांडगी. आत जाऊन बघतो तर कोपऱ्यातला काटा मध्यभागी रोवलेला, आणि त्याच्या बाजूला मातीचा ढीग. दोन पोरं मागच्या भिंतीची माती ओरबाडत होती, दोन ती वाहून आणून दाबत होती. पाचवं ढिगावर उभं राहून अंग फुलवत होतं, काटे नव्हते तरी. "भाऊ, चला! भाऊ, चला!" ओरडत होती सगळी. खेळ रंगात आला होता.

तानू दारात उभी होती. कधीची होती कोण जाणे. ती ओरडली नाही. पोरांना ओलांडून मागच्या भिंतीपाशी गेली, ओरबाडलेल्या जागी नाक लावलं. मी तिच्या शेजारी नांगी लावली. माती गार होती, तिच्या जुन्या भिंतीसारखी.

आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही. फुली अजून दारावर आहे, मी पुसली नाही, तिनंही नाही. तानू चिचुंद्रीनं माझी माफी मागायची राहिली आहे.