झऱ्यावरचा कायदा

फार जुन्या काळी रोमजवळच्या एका टेकडीवर एकच झरा होता. पाणी आधी कोणी प्यायचं, याचा नियम प्रत्येक प्राणी वेगळाच सांगे आणि रोज भांडणं होत. शेवटी म्हाताऱ्या कासवीने दारोदार फिरून सगळे नियम ऐकले आणि त्यांतले न्यायाचे तेवढे ती दगडावर कोरू लागली.

लांडगा गुरगुरला, "आजी, बलवान आधी पिईल, असं कोर!"

"कोरते की, बाळा. पण दगडावरचं पुसलं जात नाही हं. तू माझ्यासारखा म्हातारा झालास, की तरुण लांडगे तुला हेच वाचून दाखवतील."

लांडगा कासवीच्या सुरकुतलेल्या मानेकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "त्यापेक्षा आधी येईल तो आधी पिईल, असं कोर."

दुसऱ्या दिवशी झऱ्यावर तो एका कोकराच्या मागे मुकाट्याने उभा राहिला.