पान ‘येतो’ का म्हणाले?

मुलांनो, डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात एक साळुंकी राहत असे. सागाच्या झाडाखाली ती लहान पिल्लांची शाळा भरवी, आणि कविता शिकवणे हे तिचे सर्वांत आवडते काम. पानगळीच्या दिवसांत तिने पिल्लांना एक नवी कविता म्हणून दाखवली :

झाड म्हणाले पानाला,
“वारा तुला न्यायला आला.”
पान म्हणाले, “येतो मी,
फांदी हलवत राहा तुम्ही.”

अर्थ मात्र तिने सांगितलाच नाही. एक पिल्लू झाड होई, दुसरे पान. पान झालेले पिल्लू “येतो मी” म्हणत उतारावरून घरंगळत जाई, आणि झाड झालेले तिथेच उभे राहून पंजा हलवी. मग साळुंकी विचारी, “काय वाटलं तुला?” आणि जो तो जे सांगेल, ते मान तिरपी करून ऐकून घेई.

पलीकडे वडाखाली कावळ्याची शाळा होती. तिथली पिल्ले तीच कविता शिकताना रांगेत बसून एका सुरात घोकत, “पान म्हणजे पर्ण, वारा म्हणजे पवन, झाड म्हणजे वृक्ष.” कावळा पिल्लांच्या आयांना सांगू लागला, “तिकडे नुसत्या कोलांट्या चालल्यात. आठ दिवस झाले, पण एकालाही अर्थ सांगता यायचा नाही.” आया धास्तावल्या. खार तर सरळ साळुंकीकडे येऊन म्हणाली, “बाई, माझी मुलगी घरी आली की मलाच प्रश्न विचारते. उद्यापासून तिला वडाखाली पाठवीन म्हणते.” जे पिल्लू कालच वर्गात पहिल्यांदा बोलले होते, तेच जाणार म्हणून साळुंकीला वाईट वाटले. पण आपण काय करतो आहोत हे तिला पक्के ठाऊक होते. ती म्हणाली, “जरूर पाठवा. फक्त आधी हत्तीणआजींना दोन्ही शाळांची परीक्षा घेऊ द्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हत्तीणआजी आल्या. सारे जंगल त्यांना मान देई, कारण त्या कोणाची भीड धरत नसत. कावळ्याच्या पिल्लांनी कविता खडाखडा म्हटली, शब्दार्थ सांगितले आणि वर सारांशही सांगितला, “पानगळ अटळ आहे.” कावळ्याने ऐटीत पंख फडफडवले. हत्तीणआजी म्हणाल्या, “छान. आता एवढंच सांगा, पान तर झाडाला सोडून चाललंय. मग ते ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ का म्हणालं?” पिल्लांनी कावळ्याकडे पाहिले. कावळ्याने हे शिकवलेलेच नव्हते.

आजींनी सागाखालच्या पिल्लांकडे तोंड वळवले. सशाचे पिल्लू म्हणाले, “त्याला माहीतच नाही, की परत येता येत नाही.” माकडाचे पिल्लू लगेच म्हणाले, “माहीत आहे त्याला. पण झाडाला कळू द्यायचं नाहीये.” खारीची मुलगी शेपटीआडून हळूच म्हणाली, “निघताना ‘जातो’ म्हटलं, तर आईला रडू येतं ना. म्हणून.”

“तीन पिल्लं, तीन अर्थ,” कावळा हसला. “यांतला खरा कोणता, ते तरी सांगा बाई.”

“मला तिन्ही पटले,” साळुंकी म्हणाली. “चौथा कोणाला सापडला, तर तोही ऐकेन.”

 हत्तीणआजी म्हणाल्या, “माझा धाकटा गेल्या साली कळप सोडून गेला. जाताना ‘येतो आई’ म्हणाला. मला राग आला होता, वाटलं, खोटं बोलून गेला.” त्यांनी सोंडेने डोळे पुसले आणि खारीच्या मुलीजवळ मान झुकवून म्हटले, “बाळ, ती कविता मला पुन्हा एकदा म्हणून दाखव.”

मुलीने ती म्हटली, या वेळी शेपटीआड न लपता. तिची आई मागेच उभी होती. साळुंकीजवळ येऊन ती म्हणाली, “बाई, उद्या शाळा किती वाजता भरते?”

तात्पर्य : अर्थ पाठ करून घेतला, तर कविता जिभेवरच राहते; मुलांना तो स्वतः शोधू दिला, तर ती मनात उतरते.