देवाला सोडलेला खेळ

खांबळवाडीच्या रवळनाथाच्या देवळामागे कबड्डीचं मैदान आहे. जत्रेला त्यावर चुन्याच्या ताज्या रेघा मारतात, पण खेळत कुणीच नाही. चाकरमान्यांचं एखादं पोर आत शिरलंच, तर गावातली म्हातारी माणसं त्याला दंडाला धरून बाहेर काढतात. पाहुणे बुचकळ्यात पडतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

असे सांगतात की एके काळी या वाडीचा संघ पंचक्रोशीत नावाजलेला होता. कप्तान पांडू मेस्त्री. दिवसभर रंधा मारायचा, संध्याकाळी चढाया. खेळावाचून त्याला दुसरं काही सुचत नसे. लग्नाच्या दिवशीही वरातीतून निघून मैदानावर गेला होता म्हणे. बायकोने ते आयुष्यभर ऐकवलं.

एका वर्षी जत्रेच्या अंतिम सामन्याला बंदरावरचा तगडा संघ आला. गावाच्या वतीने देवाशी बोलणारे आबा घाडी गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. म्हाताऱ्याला त्या दिवशी जोर चढला होता.

"बा देवा म्हाराजा, आज पोरांका यश दी. मगे ह्येंचो खेळ कायमचो तुझ्या पायांर सोडलो!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव एका सुरात ओरडला. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, ऐकतो कोण? पांडूही ओरडला. त्याचं चित्त बंदरकरांच्या मांड्यांवर होतं.

सामना जिंकला. गुलाल उधळला. चार दिवसांनी जिल्ह्याच्या स्पर्धेचं बोलावणं आलं, तेव्हा कुठे सगळ्यांना ते गाऱ्हाणं आठवलं. देवाला सोडलेला खेळ माणसांनी खेळायचा कसा? पांडू धावत आबांकडे गेला.

"आबानू, मागे घेवा. माझा लक्ष नाय होता."

आबांचे डोळे भरून आले. "देवाक सोडलेला मी कसा मागे घेव? आणि तूव व्हय म्हटलंस मां रे?"

कौल लावला. देवाने होकाराचा उजवा दिला नाही. पुन्हा लावला, तरी नाहीच. रागवायचं तरी कुणावर? आबांवर रागवावं, तर सगळा गाव त्यांच्या पाठोपाठ बोलला होता, आणि गावात पांडूही आला.

पुढल्या जत्रेला बंदरकर हौसेने परत आले. वाडीची सात पोरं रेघेबाहेर उभी. बंदरकरांचा कप्तान तरीही दम धरून रिकाम्या अंगणात शिरला, फिरला, आणि कुणी धरीना म्हणून परत गेला. त्याला फार वाईट वाटलं. पांडूच्या पोटऱ्या ताठरल्या होत्या, पण पाऊल काही उचललं नाही. संघ तिथेच संपला म्हणे.

आजही जत्रेला रेघा मारून होतात, गाऱ्हाणं होतं. पण शेवटचा शब्द झाल्यावर इथे लगेच कुणी ओरडत नाही. घाडी थांबतो. माणसं ऐकलेलं मनात पुन्हा घोळवतात, एकमेकांकडे बघतात, आणि मगच हळू आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतात. मेस्त्र्यांच्या घरचे तेवढे हात जोडून गप्प उभे राहतात.