देवमाशीण आणि सत्काराचे बोकड

फार पूर्वी, बोकडांना भाषणं करता यायची तेव्हाची गोष्ट. समुद्राकाठच्या एका कड्याखालून वर्षातून एकदाच देवमाशीण आपलं पिल्लू घेऊन जायची. तिला बघायला अख्खा कळप जमायचा. पण आधी म्हाताऱ्या बोकडांचा सत्कार, मग त्यांची भाषणं. सगळे म्हातारे कड्यावर ओळीने, समुद्राला पाठ करून उभे राहायचे. एकानेही देवमासा पाहिलेला नव्हता, पण त्याच्यावर बोलायला सगळे पुढे. आणि त्यांच्या शिंगांआड समोरच्या कळपाला समुद्र दिसायचाच नाही.

ढवळी नावाच्या तरुण शेळीने दोन वर्षं नुसते हे बोकडच बघितले होते. यंदा भाषण चालू असतानाच पाण्याचा फवारा उडाल्याचा आवाज आला.

"आजोबा, मागे बघा! आली ती!"

"गप्प बस गं!" अध्यक्ष बोकड खेकसला. "मी तिच्याबद्दलच बोलतोय ना? तुम्हाला बघायची शिस्तच नाही!"

ढवळीने सरळ त्याच्या पाठीवर पाय दिला आणि कड्याच्या टोकावर उडी मारली.

खाली पिल्लू आनंदाने ओरडलं, "आई, बघ! यांना तोंडपण असतं! तू तर म्हणाली होतीस, नुसत्या शेपट्याच असतात!"