तेरा वळ्या

त्या मुलखात दुखणं कुठंही असो, तपासत ते शिंग. वैद्याच्या दारात एक एडका बसे आणि आलेल्याच्या शिंगावरच्या वळ्या मोजे. वर्षाला एक वळी. दहाच्या आत असल्या तर वैद्य पाय उचलून पाहत असे. दहाच्या वर गेल्या की पाय खालीच राही. मऊ गवताची एक पेंढी मिळे, आणि सावलीत जागा. सावलीतून परत आलेला कोणी पाहिला नव्हता.

वैद्य म्हणजे एक सांबर. त्याची शिंगं दरवर्षी गळत आणि नवी येत. त्यामुळे वय ही गोष्ट इतरांना होते, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

खैरा बैल तीन पायांवर दारात आला. बाभळीच्या वळणावर उजव्या खुरात काटा मोडला होता. परवा कळप वरच्या झऱ्याकडे निघणार होता. चढ ज्याचा त्याने चढायचा. न चढणारा खाली राही, आणि खाली पाणी आठच दिवसांचं होतं.

"तेरा," एडका ओरडला.

"काय होतंय, आजोबा?" सांबराने शिंगांकडे बघत विचारलं.

"काटा मोडलाय. खुरात."

"तेरा वळ्या म्हणजे चालायचंच."

"चालताच येत नाही, म्हणून तर आलो."

सांबर मायेने हसला. एवढ्यात एक कालवड लंगडत आली. तीन वळ्या. सांबर गुडघ्यांवर बसला, तिचा खूर चाटला आणि दातांनी काटा उपसला.

"त्याच बाभळीचा आहे," खैरा म्हणाला.

"तिला काटा लागलाय," सांबर म्हणाला. "तुमचं वय झालंय. सावलीत न्या रे ह्यांना."

सावलीत पन्नासेक जण पेंढ्या उशाला घेऊन पडले होते. कोणी नाव विचारत नव्हतं.

"मी अकरा," बांडी शेळी म्हणाली. "तुम्ही?"

"मी खैरा."

"तसं नाही हो. किती?"

खैऱ्याची नजर तिच्या पायांकडे गेली. तिच्या मागच्या पायातून काट्याचं टोक बाहेर डोकावत होतं. त्याने ते दाखवलं. "वय आहे ते," बांडी समजूत घालत म्हणाली. "पावसाळ्यात जरा जास्त ठणकतं."

खैरा उठला. सावलीच्या कडेला एक काळा खडक होता. त्यावर त्याने शिंगं घासायला सुरुवात केली. पांढरी भुकटी उडाली. दुपारपर्यंत मुळाशी रक्त आलं. तो थांबला नाही.

"शिंगं मोडून वासरांत शिरताय होय, दादा? ह्या वयात?" बांडी खिदळली. सगळी सावली हसली.

"वासरांत नाही. दवाखान्यात."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दारात उभा राहिला. एडक्याने वाकून पाहिलं, थुंकी लावून पुसून पाहिलं. "चार. आत जा."

सांबर लगेच गुडघ्यांवर बसला. "अरे बाळ, केवढा हा काटा! वेळेवर आलास म्हणून बरं. एखादा म्हातारा असता तर संपलाच होता."

काटा निघाला. खैऱ्याने पाय टेकला. मग भार दिला.

कळप निघाला. पहिला चढ तो न थांबता चढला. शिंगांच्या जागी दोन बोथट खुंट होते आणि त्यांवर माशा बसत होत्या. अर्ध्या वाटेवर त्याने मान वळवून खाली पाहिलं.

वैद्याच्या दारात कोणी नव्हतं. काळ्या खडकापाशी रांग लागली होती. सगळी सावली रांगेत होती, सगळी लंगडत. बांडी सर्वांत पुढे. पांढरी भुकटी धुक्यासारखी वर येत होती.

रांगेच्या शेवटी, इकडंतिकडं बघत, दारातला एडका उभा होता. त्याने एक पाय अधांतरी धरला होता.