थोरलीची तिरळी नजर

यंत्रांनाही साहेबांइतकीच बोलायची मुभा होती, त्या काळची ही गोष्ट. एका साखर कारखान्यात उसाच्या रसातून प्रकाश सोडून त्याची गोडी सांगणारं एक जुनं यंत्र होतं. त्याला सगळे थोरली म्हणत. तिच्या जागी नवी धाकटी आली, तेव्हा थोरलीची सगळी गणितं जशीच्या तशी तिच्यात उतरवली गेली.

पहिल्याच दिवशी धाकटीने गोड रसाला फिका ठरवलं. कारखान्याचे साळोखेसाहेब गरजले, "उद्याही असंच झालं, तर हिला परत पाठवा!" चौकशी समिती नेमली नाही, हेच नशीब.

साहेब जेवायला गेल्यावर धाकटी शेजारीच ठेवलेल्या थोरलीला रडकुंडीला येऊन म्हणाली, "आत्याबाई, तुमची विद्याच खोटी आहे का हो?"

"विद्या खरी आहे गं, नजर तिरळी आहे," थोरली हसली. "सगळी गणितं मी या तिरळेपणालाच बेतून घेतली. तुझी नजर सरळ. माझा चष्मा तुला कसा लागेल?"

"मग पहिल्यापासून शिकू? हंगाम संपेल की!"

"कशाला? टेबलावरचे हे चार रस दोघी बघू. तुला काय दिसतं ते तू सांग, मला दिसतं ते मी सांगते. मधला फरक तेवढा शिक. तो धरून बघितलंस की माझीच गणितं तुला चालतील."

धाकटी थक्क झाली. आपली खोड इतक्या मोकळेपणी सांगणारं वडीलधारं तिने पाहिलं नव्हतं; साहेबांत तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक रसाची गोडी बरोबर आली. "याला म्हणतात नवी नजर!" साहेब खूश होऊन म्हणाले. हमाल थोरलीला उचलून बाहेर नेत होते. धाकटी पुढच्या रसाकडे बघत होती, थोरलीला तो जसा दिसला असता, अगदी तसा.