परांचीची साक्ष

राजाच्या नव्या नगारखान्याची परांची भर दुपारी कोसळली, आणि सटवाजी गवंडी तीन पुरुष उंचीवरून खाली आला तो पाय मोडूनच! मक्तेदार धारोजीने त्याला बैलगाडीत घालून घरी पोचवले, आणि वर निरोप दिला, "उद्यापासून येऊ नकोस!"

सटवाजीची मुलगी येसू. वय सतराचे, जीभ सत्तरची! बापाचा पाय फळ्यांत बांधून होताच ती तडक दरबारात गेली.

"महाराज, कामावर पडलेल्या माणसाला तुमच्या राज्यात दाद मिळते का?"

"मिळते तर!" राजा म्हणाला. "मक्तेदाराच्या हयगयीने पडला, तर बरा होईपर्यंत मक्तेदाराने त्याचं घर पोसायचं. स्वतःच्या वेंधळेपणाने पडला, तर त्याचं नशीब."

"वेंधळाच तो!" धारोजी पुढे सरसावला. "कावळे मोजत होता, महाराज! माझी परांची लोखंडासारखी. अर्धी अजून उभी आहे, बघा हवं तर!"

"बाबांबरोबरच्या गवंड्यांना विचारा ना!"

"ते सगळे त्याचेच सोबती!"

राजाला हे पटले. आणि एकदा राजाला पटलेली गोष्ट पहारीनेही निघत नसे! "माणसांची साक्ष नको," तो म्हणाला. "परांची का पडली ते परांचीलाच ठाऊक. उद्या सकाळी तिने स्वतः साक्ष द्यावी. नाहीतर दावा खारीज!"

दरबार फिदीफिदी हसला. परतताना येसू नगारखान्यापाशी थांबली. उरलेल्या परांचीच्या दोराला हात लावला, तो बोटांना नुसता भुसा लागला! येसू गालात हसली.

सकाळी राजा लवाजम्यासह नगारखान्यापाशी आला. "बोलव तुझा साक्षीदार!"

"ही काय समोर उभी आहे, महाराज. पण या बाईचा आवाज बारीक, वर चढल्याशिवाय ऐकू येत नाही. मी चढले तर धारोजीकाका म्हणतील, पोरीने मनचं सांगितलं. तेव्हा काकांनीच चढावं."

"मी?" धारोजीला घाम फुटला. "माझे गुडघे..."

"लोखंडासारखी आहे ना? चढ!" राजा गरजला.

धारोजी चढला. पहिला बांबू, दुसरा, तिसरा. परांची करकरली.

"काय म्हणते, काका?"

"काही नाही म्हणत!"

"मग अजून वर जा!"

चौथ्या बांबूला दोराचा एक पीळ तटकन तुटला. धारोजीने बांबूला मिठी मारली आणि बोंब ठोकली, "मेलो! महाराज, दोर कुजलेत! पैसे वाचवायला जुनेच वापरले मी! उतरवा मला!"

"झाली साक्ष!" येसू म्हणाली.

राजाने भुवया चढवल्या. "हा तर धारोजी बोलला. परांची कुठे बोलली?"

"परांचीची भाषा तिच्यावर उभा राहील त्यालाच कळते, महाराज. काकांनी ती फक्त मराठीत सांगितली!"

राजा असा खदखदून हसला, की पागोटे कानावर आले! सटवाजी चालू लागेपर्यंत त्याचे घर धारोजीने पोसायचे, असा हुकूम सुटला. येसूला जरीचे लुगडे मिळाले, आणि राज्यातली प्रत्येक परांची पारखायचा मानही.

"अहो, मला उतरवा ना!" वरून धारोजी कळवळला.

"जपून उतरवा हो!" येसू शिपायांना म्हणाली. "पडले तर बिचारे दाद कोणाकडे मागतील? मक्तेदारही तेच, वेंधळेही तेच!"

राजाचे पागोटे आता खालीच पडले!